यमक कशास म्हणावे? बृहन्महाराष्ट्रातील वर्गांसाठी साहित्यपरिभाषेचा विचार

पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांस साहित्याची परिभाषा किती व कशी शिकवावी, हा प्रश्न महाराष्ट्रातील शिक्षकापुढे एका रूपाने उभा राहतो आणि इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव किंवा गोवे येथील शिक्षकापुढे दुसऱ्या रूपाने. मराठी माध्यमाच्या शाळेतील मुलास ‘यमक’ किंवा ‘चरित्र’ हा शब्द बहुधा प्रथम मराठीच्याच तासाला भेटतो. इंदूरच्या मुलास तो आधी हिंदीच्या तासाला भेटलेला असतो, आणि तेथे त्याचा अर्थ निराळा असतो. मूल तो अर्थ मनाशी धरून मराठीच्या वर्गात येते, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या अर्थाने लिहिते, आणि उत्तरावर तांबडी फुली पडते. त्याचे ज्ञान खोटे नसते. ते शेजारच्या घरचे असते एवढेच. परंतु हे त्यास कोणी सांगितले नाही, तर आपले मराठीच कच्चे आहे असा त्याचा समज होतो. ज्या गावी मराठी हा सोडून देता येण्यासारखा विषय आहे, त्या गावी असा समज फार महाग पडतो.

यास्तव आमचे म्हणणे असे की, बृहन्महाराष्ट्रातील शिक्षकाने परिभाषा शिकविताना मराठी संज्ञेची व्याख्या देऊन थांबू नये. त्या गावच्या दुसऱ्या भाषेत तोच शब्द कोणत्या अर्थाने चालतो, हे तेथल्या तेथे, त्याच तासाला सांगावे.

प्रथम यमकच घेऊ. मराठीत आपण यमक म्हणतो ते मुख्यतः चरणांच्या शेवटी जुळणाऱ्या अक्षरांस. ‘रान’ आणि ‘पान’ यांचे यमक जुळते, असे आपल्याकडील लहान मूलही सांगते. हिंदीत याला ‘तुक’ म्हणतात. शास्त्रीय नाव ‘अंत्यानुप्रास’. हिंदीच्या पुस्तकात ‘यमक’ हा अलंकार म्हणजे एकच शब्द पुन्हा येणे आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ वेगळा असणे. ‘मान खाली घातली, तरी मान वाढला’ या वाक्यात पहिली मान गळ्याची आणि दुसरा मान सन्मानाचा. हे हिंदीच्या दृष्टीने यमकाचे चोख उदाहरण होय. ‘रान’ आणि ‘पान’ यांस मात्र हिंदीचा शिक्षक यमक म्हणणार नाही.

यात चूक कोणाची? कोणाचीच नव्हे. संस्कृत साहित्यशास्त्रात यमक हा अत्यंत जुना अलंकार आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात जे चारच अलंकार सांगितले आहेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक, त्यांत त्याची गणना आहे. अक्षरसमूहाची पुनरावृत्ती आणि ती अक्षरे सार्थ असल्यास अर्थाचा भेद, हे त्याचे लक्षण पुढील शास्त्रकारांनी निश्चित केले. हिंदीने त्यातील अर्थभेदावर बोट ठेवले. मराठी काव्यव्यवहाराने पुनरावृत्तीवर, तीही चरणान्तीच्या. मौज अशी की आमची शालेय पुस्तके व्याख्या देताना ‘वेगळ्या अर्थाने आल्यास’ हे जुने शब्द कायम ठेवतात, आणि उदाहरणे मात्र केवळ चरणान्तीच्या जुळणीची देतात. व्याख्या आणि उदाहरण यांत अशी फारकत असल्यावर चौकस मुलाने कोणते प्रमाण मानावे? शिक्षकाने स्पष्ट सांगून टाकावे की मराठीत शेवटची अक्षरे जुळली की यमक झाले, शब्दाचा अर्थ बदलून तो पुन्हा आला की तेही यमकच, आणि हिंदीच्या उत्तरपत्रिकेत मात्र दुसरेच तेवढे लिहावयाचे. इतके सांगावयास पाच मिनिटे पुरतात.

बडोद्यास हाच प्रश्न ‘प्रास’ या शब्दाने येतो. गुजरातीत चरणान्तीच्या जुळणीस प्रास म्हणतात, म्हणून तेथील मुलास ‘यमक म्हणजे आपला प्रास’ असे सांगितले की काम भागते. बेळगावात व हैदराबादेत तेच वाक्य उच्चारणे धोक्याचे. कन्नड व तेलुगू छंदःशास्त्रात नुसते ‘प्रास’ म्हटले की परंपरेने ओळीतील दुसरे अक्षर अभिप्रेत असते. प्रत्येक ओळीचे दुसरे अक्षर सारखे असावे असा तो नियम आहे. तेलुगूत ‘यति’ हा शब्दही असाच चकवा देतो. आपण यति म्हणतो ते ओळ म्हणताना ठरलेल्या जागी घ्यावयाच्या विरामास; तेलुगूत यतीच्या जागी ओळीच्या पहिल्या अक्षराशी मेळ असणारे अक्षर यावे लागते. हैदराबादच्या शिक्षकाजवळ मात्र एक चांगले साधन आयतेच आहे. त्या शहराच्या कानात गझल मुरलेली आहे. शेराच्या शेवटी न बदलता येणारा शब्द तो रदीफ आणि त्याच्या आधी जुळणारा तो काफिया, हे ज्या मुलास ठाऊक आहे त्यास यमक समजाविण्याची गरजच नाही. ‘काफिया म्हणजे यमक’ एवढे नाते जोडून दिले म्हणजे झाले.

आता छंदाकडे वळू, कारण येथे घोटाळा नुसता नावाचा नाही, मोजण्याचाही आहे. हिंदीत ‘छंद’ ही पद्यरचनेच्या सर्व प्रकारांची सामान्य संज्ञा आहे. त्याचे वर्णिक आणि मात्रिक असे भेद करतात. मराठीत आपण माधव जूलियन यांच्या ‘छंदोरचने’ने रूढ केलेली विभागणी मानतो: लघु-गुरूंचा क्रम बांधलेला असेल ते वृत्त, मात्रांची संख्या बांधलेली असेल ती जाति, आणि लघु-गुरू न पाहता केवळ अक्षरे मोजावयाची तो छंद. (जूलियन यांचा जन्म १८९४ साली बडोद्यास झाला, ही गोष्ट तेथील वर्गात अवश्य सांगावी, मुलांस आपल्या गावचा मनुष्य सापडल्याचा आनंद होतो.) म्हणजे हिंदीचा ‘छंद’ हे सबंध घर, तर मराठीचा काटेकोर अर्थाचा ‘छंद’ ही त्यातील एक खोली.

ग्वाल्हेरच्या मुलास दोहा पाठ असतो. तेरा मात्रा, मग अकरा मात्रा, हे त्याच्या बोटांवर बसलेले असते. त्याच्यापुढे अभंग ठेवला की तो साहजिकच मात्रा मोजू लागतो आणि हिशेब जमेना म्हणून गोंधळतो. आम्ही वर्गात उपयोगी पडावा म्हणून मोठ्या अभंगाच्या घाटाचा एक चौक येथे जुळवून देतो. काव्य म्हणून त्याची किंमत कोणी करू नये:

पाऊस थांबला,
उजळले रान,
डोले ओले पान
फांदीवर.

अक्षरे मोजावीत: सहा, सहा, सहा, चार. आता मात्रा मोजाव्यात: पहिल्या चरणाच्या दहा, दुसऱ्याच्या आठ, तिसऱ्याच्या अकरा, चौथ्याच्या सहा. मात्रांचा मेळ नाही, अक्षरांचा आहे. आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक आहे. फळ्यावर हे दोन हिशेब शेजारी शेजारी लिहिले की मुलास छंद व जाति यांतील भेद कळतो, आणि दोह्याचे त्याचे ज्ञान वाया जात नाही. त्या ज्ञानावरच नवे ज्ञान उभे राहते. पुढे मुलांकडून असाच एकेक चौक करवून घ्यावा. चार अक्षरांचा शेवटचा तुकडा साधताना त्यांची जी धडपड होते, तीत छंदाचे सगळे मर्म आहे.

ओवीविषयी गोव्यातील शिक्षकास निराळे सांगावयास नको. फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचिले, ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, आणि त्या ग्रंथाच्या दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. ज्ञानेश्वरीचा छंद आणि ख्रिस्ताचे चरित्र एकाच घाटात बसतात, हे दाखविले म्हणजे रचनेचा घाट आणि रचनेचा विषय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एका उदाहरणात स्पष्ट होते. ‘पुराण’ या शब्दाचा अर्थही तेथेच उलगडतो.

बडोद्याचे शिक्षक आख्यान शिकवीत असतील तर त्यांनी प्रेमानंदास विसरू नये. सतराव्या शतकातील हा कवी बडोद्याचाच. त्याची आख्याने माणभट्ट धातूच्या घड्यावर बोटांनी ताल धरून गात. आपले कीर्तनकार आख्यान लावतात त्याच्याशी या प्रकाराचे नाते मुलांस सहज दिसते. मात्र एक शब्द जपून वापरावा. मराठीत ‘कडवे’ म्हणजे दोन-चार ओळींचा एक चौक. गुजराती आख्यानातील ‘कडवुं’ म्हणजे अनेक ओळींचा सबंध खंड. ‘पहिले कडवे पाठ करा’ असे सांगितले आणि एखाद्या मुलाचा चेहरा उतरला, तर त्याचे कारण हे असू शकते.

गद्यातील संज्ञांत सर्वांत गमतीची कथा कादंबरीची आहे. बाणभट्टाच्या सातव्या शतकातील एका ग्रंथाचे, किंबहुना त्यातील नायिकेचे, हे विशेषनाम. मराठीने व कन्नडने ते सामान्यनाम करून टाकले. त्यामुळे बेळगावच्या मुलास दोन्ही भाषांत एकच शब्द मिळतो. तेथे आणखी एक दुवा सांगण्याजोगा आहे: मराठीतील पहिली कादंबरी म्हणून गणले जाणारे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी बेळगावचेच. हिंदीत कादंबरीस ‘उपन्यास’ म्हणतात, गुजरातीत ‘नवलकथा’, तेलुगूत ‘नवल’. आणि ‘उपन्यास’ हा शब्द कन्नड व तेलुगूत गेला की त्याचा अर्थ व्याख्यान असा होतो! इंदूरचा मनुष्य ‘उपन्यास वाचतो’ आणि बेळगावचा ‘उपन्यास ऐकतो’.

‘चरित्र’ हा शब्द याहून अधिक अडचण करतो. आपण चरित्र म्हणतो ते एखाद्याच्या जीवनाच्या हकिगतीस. हिंदीत त्यास ‘जीवनी’ असे नाव आहे, आणि ‘चरित्र’ म्हणजे कथेतील पात्र किंवा त्याचा स्वभाव. ‘गोष्टीतील मुख्य पात्राचे वर्णन करा’ या प्रश्नावर इंदूरचे मूल ‘या चरित्राचा स्वभाव शांत आहे’ असे लिहिते. ‘पात्र’ शब्द सुचवावा, परंतु आशय ग्राह्य धरावा. तीच गोष्ट ‘कहाणी’ची. हिंदीत कहानी म्हणजे लघुकथा. आपली कहाणी म्हणजे श्रावणात व्रताच्या वेळी वाचावयाची, ठराविक फलश्रुतीने संपणारी गोष्ट. हिंदीत ‘लघुकथा’ म्हटले तर पुन्हा दुसरेच, पान-अर्ध्या पानाचे लेखन समजले जाते.

उपमा, रूपक, उत्प्रेक्षा, श्लेष, अनुप्रास यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. या संज्ञा आपल्या व शेजारच्या भाषांत जवळजवळ सारख्याच चालतात. येथे शेजारच्या तासाची मदतच घ्यावी. ‘विहिरीचे पाणी आरशासारखे आहे’, ‘विहिरीचे पाणी आरसाच आहे’ आणि ‘विहिरीचे पाणी जणू आरसाच’ ही तीन वाक्ये हिंदीच्या पुस्तकातील तीन व्याख्यांशेजारी ठेवावीत. श्लेषासाठी मराठी ‘पान’ शब्दास तोड नाही: झाडाचे, पुस्तकाचे, विड्याचे आणि पंगतीतले. नाटकाचे अंक, प्रवेश, स्वगत हे शब्द व्याख्येने शिकवू नयेत. एक छोटे नाटक वर्गात वाचावे. हिंदीत प्रवेशास ‘दृश्य’ म्हणतात, एवढी सूचना पुरे.

एकंदर संज्ञा किती असाव्यात? आमच्या मते या चार वर्षांत तीसच्या पुढे जाऊ नये. मुलाच्या वहीत प्रत्येक संज्ञेपुढे दोन रकाने असावेत: मराठीतील अर्थ, आणि गावच्या दुसऱ्या भाषेतील त्याच शब्दाचा किंवा त्याच गोष्टीचा व्यवहार. दुसरा रकाना शिक्षकाने एकट्याने भरू नये. हिंदी, गुजराती, कन्नड किंवा तेलुगू शिकविणारे सहकारी त्याच शाळेत असतात. सत्राच्या आरंभी त्यांच्याबरोबर एक दुपार बसले तरी यादी तयार होते, आणि आपल्या मुलांचा गोंधळ कोठून येतो हे त्यांनाही कळते. बडोद्याची यादी हैदराबादेत चालणार नाही, म्हणून एकच यादी छापून सर्व केंद्रांस वाटण्याचा मोह साहित्यसंस्थांनी टाळावा.

राहता राहिली प्रश्नपत्रिका. ‘यमक म्हणजे काय?’ असा प्रश्न बृहन्महाराष्ट्रात विचारूच नये. त्यास दोन उत्तरे आहेत. त्याऐवजी मुलाने न वाचलेल्या चार ओळी द्याव्यात आणि कोणत्या ओळींच्या शेवटी कोणती अक्षरे जुळतात ते लिहावयास सांगावे. संज्ञेचे नाव चुकले आणि जुळणारी अक्षरे अचूक दाखविली, तर गुण द्यावेत. नाव कंसात दुरुस्त करून द्यावे.