चॅटबॉटची ‘अचूकता’ म्हणजे काय?

रात्री मूल तापाने फणफणले की हल्ली आधी मोबाइलवर चॅटबॉटला विचारले जाते. त्याची अचूकता म्हणजे लिहून दिलेल्या केसेसपैकी किती निदाने (आजाराची ओळख) बरोबर आली, एवढेच. जानेवारी 2024 मध्ये ‘जामा पेडिॲट्रिक्स’मध्ये आलेल्या अभ्यासात चॅटजीपीटीला मुलांच्या 100 केसेस दिल्या, 17 निदाने बरोबर आली. केसेस मुळातच कठीण होत्या, त्यामुळे साध्या आजारांतही तो इतकाच चुकतो, असे म्हणता येत नाही. पण आकडा सुधारला तरी मुख्य अडचण उरतेच. गॅरेजमधल्या मेस्त्रीला फोनवर गाडीचा आवाज तोंडी सांगावा, तसे हे आहे. आपण सांगायचे विसरलो ते त्याला कळतच नाही.

डॉक्टर मात्र आधी मुलाचा सदरा वर करून पाहतात, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो का. मग मिनिटभर श्वास मोजतात. खोकला असलेल्या 1 ते 5 वर्षांच्या मुलात ते 40 किंवा जास्त भरले, तर ते जलद श्वसन (न्यूमोनियाची शंका) असते.

मूल काही पीत नसेल, सुस्त पडले असेल, झटके येत असतील, तर टाइप करत बसू नका. 108 ला फोन करा. जवळचे रुग्णालय गाठा.