रासायनिक संरक्षक पोशाख

रासायनिक शस्त्रांतील विषारी द्रव्ये त्वचेपर्यंत पोहोचू नयेत म्हणून सैनिक वापरतात तो पोशाख. टोपडे जोडलेला अंगरखा, विजार, रबरी हातमोजे व बुटांवरील आवरणे हे त्याचे भाग होत. डोळे व श्वसनमार्ग यांचे रक्षण वायुमुखवटा करतो; त्यावाचून पोशाख अपुरा ठरतो.

पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र (बेल्जियम) येथे जर्मनांनी क्लोरीन सोडला. त्याविरुद्ध मुखवटा पुरेसा होता. परंतु जुलै १९१७ मध्ये त्याच रणक्षेत्रावर मस्टर्ड वायू वापरला गेला. नावाने वायू असला, तरी सामान्य तापमानाला तो तेलकट द्रव असतो. कापड व चामडे यांतून तो झिरपतो; संपर्काच्या वेळी वेदना होत नाहीत आणि फोड काही तासांनी उठतात. काख, जांघ अशा घामट भागांना इजा अधिक होते. यावर तेल चढविलेल्या कापडाचे कपडे करण्यात आले. त्यांनी विष अडविले, पण घामाचे बाष्पही कोंडले. एक ग्रॅम घाम सुकताना शरीरातील सु. ५८० कॅलरी उष्णता निघून जाते. ही वाट बंद झाली की, कष्टाचे काम करणारा सैनिक थोड्याच वेळात उष्माघाताने कोसळू शकतो. या पोशाखातील पुढील बहुतेक सुधारणा याच अडचणीभोवती फिरतात.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने क्लोरीनयुक्त संयुगात भिजविलेले कपडे वापरले. हे संयुग मस्टर्डचे विघटन करी; मात्र कपडे चिकट होत व त्वचेची आग होई. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या अनेक सैनिकांच्या अंगावर असे कपडे होते. विषारी वायूचा प्रयोग तेथे झाला नाही. याउलट, १९३० नंतर रावळपिंडी येथे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हिंदी सैनिकांना मस्टर्डच्या कोठड्यांत पाठविले, तेव्हा त्यांपैकी काहींच्या अंगात केवळ अर्धी विजार व सुती सदरा होता. अनेकांना गंभीर भाजल्यासारख्या जखमा झाल्या.

टाबुन (१९३६), सारिन (१९३८) व नंतरचे व्हीएक्स ही द्रव्ये तंत्रिका तंत्रावर (मज्जासंस्थेवर) आघात करतात. व्हीएक्सचे सु. १० मिग्रॅ. त्वचेवर पडले, तरी मृत्यू ओढवू शकतो. ब्रिटनमधील पोर्टन डाउन येथील संशोधनातून १९६० नंतरच्या दशकात कोळशाचा थर असलेला पार्य पोशाख पुढे आला. सक्रियित कोळशाच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ सु. १,००० चौ. मी. भरते, विषारी बाष्प त्यावर अधिशोषित होते, हवा व घामाचे बाष्प मात्र आरपार जाते. बाहेरचे कापड द्रवाचा थेंब आत मुरू देत नाही. घाम, इंधनतेल यांनी कोळसा निकामी होत जातो. म्हणून पोशाख हवाबंद वेष्टनात ठेवतात व ते फोडल्यावर त्याचे आयुष्य मर्यादित असते.

तरीही उष्णतेचा प्रश्न सुटलेला नाही. हातमोज्यांनी बोटांची चपळाई जाते, मुखवट्याने दृष्टी व बोलणे आखडते. इराण–इराक युद्धात (१९८०–८८) इराणी सैनिकांच्या दाढीमुळे मुखवटा चेहऱ्यास घट्ट बसत नसे. यास्तव अनेक सैन्यांनी पोशाखाच्या पायऱ्या ठरविल्या आहेत : धोका दूर असता तो केवळ जवळ बाळगणे, येथपासून मुखवटा व मोज्यांसह पूर्ण चढविणे, येथपर्यंत. कोणती पायरी केव्हा, हे सेनाधिकारी ठरवितो. भारतात संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या ग्वाल्हेर व कानपूर येथील प्रयोगशाळांनी कोळसायुक्त पोशाखांवर काम केले असून येथील उन्हाळ्यात तो किती वेळ अंगावर ठेवता येईल, ही कसोटी विषरोधाइतकीच महत्त्वाची ठरते.