जुने प्रिंटर आणि लिनक्स: अडलेल्या छपाईचा आढावा

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला जुना प्रिंटर जोडला आणि तो छापेनासा झाला, की दोष बहुधा यंत्राच्या वयावर ढकलला जातो. प्रत्यक्षात मात्र पंधरा-वीस वर्षांचा प्रिंटर अडून बसतो आणि त्याहून जुना मुकाट्याने छापत राहतो, असे वारंवार आढळते. यंत्र सुस्थितीत असणे ही एक बाब आणि त्याला कोणत्या आज्ञा समजतात याची माहिती जाहीर असणे ही दुसरी; लिनक्सपुरती ही दुसरी बाबच निर्णायक ठरते.

प्रिंटरला पान कसे छापायचे हे सांगणाऱ्या आज्ञांच्या संचाला पृष्ठवर्णन भाषा म्हणतात. अॅडोबीची पोस्टस्क्रिप्ट आणि एचपीची पीसीएल या अशा दोन भाषा १९८४ च्या सुमारास आल्या, तर ठिपक्यांच्या अर्थात डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांत एप्सनची ‘ईएससी/पी’ ही आज्ञावली इतकी रुळली की इतर कंपन्यांची यंत्रेही तिचे अनुकरण करू लागली. या भाषांचे तपशील छापील पुस्तिकांत उपलब्ध होते, आणि १९८८ मध्ये अवतरलेल्या घोस्टस्क्रिप्ट या दुभाषी प्रणालीमुळे पोस्टस्क्रिप्ट न कळणाऱ्या यंत्रांवरही तसे दस्तऐवज छापता येऊ लागले. पुढे किंमत उतरवण्यासाठी उत्पादकांनी प्रिंटरातील प्रक्रिया-क्षमता काढून घेतली, पान रचण्याचे काम संगणकावर सोपवले आणि तयार ठिपक्यांचा नकाशा स्वतःच्या अप्रकाशित पद्धतीने यंत्राकडे पाठवायला सुरुवात केली. विंडोजचा ड्रायव्हर खोक्यात मिळत असल्याने ग्राहकाला हा फरक जाणवला नाही. लिनक्सची खरी डोकेदुखी मात्र याच पिढीने निर्माण केली.

भारतातील कार्यालयांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारा एचपी लेझरजेट १०२० हे या पिढीचे बोलके उदाहरण आहे. या प्रिंटरात त्याची मूळ कार्यप्रणाली, म्हणजे फर्मवेअर, कायमस्वरूपी साठवलेली नसते. प्रत्येक वेळी वीज चालू झाल्यावर ती संगणकाने पाठवावी लागते. म्हणूनच केबल ठीक, दिवा हिरवा, संगणकाला प्रिंटर दिसतो आणि तरीही कागद हलत नाही, असा बुचकळ्यात टाकणारा प्रकार घडतो. यावर दोन उपाय प्रचलित आहेत. एचपीच्या ‘एचपीलिप’ या संचासोबत मिळणारे बंदिस्त प्लगइन बसवणे हा पहिला. प्लगइनची आवृत्ती मूळ संचाशी जुळावी लागत असल्याने प्रणाली अद्ययावत केल्यानंतर काल चालणारा प्रिंटर आज थांबतो, तो बहुतेकदा याच विसंगतीमुळे. दुसरा उपाय म्हणजे झेडजेस्ट्रीम या पद्धतीचा उलगडा करून स्वतंत्रपणे लिहिलेला ‘फू-टू-झेडजेएस’ हा मुक्त ड्रायव्हर. दोन्ही एकाच वेळी बसवले तर ते एकमेकांच्या आड येतात, हे अनेकांच्या उशिरा ध्यानात येते.

तितक्याच लोकप्रिय असलेल्या कॅनन एलबीपी २९०० ची अडचण वेगळी आहे. त्याची ‘कॅप्ट’ पद्धती कॅननने खुली केली नाही. लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, पण त्याचे गाभ्याचे भाग केवळ यंत्रभाषेत आणि तेही ३२-बिटी. ६४-बिटी प्रणालीवर ३२-बिटी सहायक ग्रंथालये नसतील, तर ड्रायव्हर यथासांग बसल्यासारखा दिसतो आणि छपाईच्या क्षणी कोसळतो. शिवाय ‘सीसीपीडी’ नावाची पार्श्वसेवा चालू नसली, तरी निष्पत्ती तीच.

असा दोष नेमका कोठे आहे हे ठरवण्यासाठी मधल्या साखळीची ओळख लागते. आजच्या लिनक्सवरील छपाई ‘कप्स’ या व्यवस्थेतून चालते. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये तिचे काम सुरू केले, २००२ मध्ये अॅपलने ती आपल्या प्रणालीत घेतली आणि २००७ मध्ये तिचे हक्कही विकत घेतले. तीत दस्तऐवज आधी रांगेत जातो, फिल्टर नावाच्या छोट्या प्रणाली त्याचे प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करतात आणि शेवटी बॅकएंड तो केबलवर किंवा जाळ्यावर सोडतो. त्यामुळे तपासणी उलट्या दिशेने करणे शहाणपणाचे असते: ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा यंत्र मुळात दिसते का ते सांगते, ‘एलपीइन्फो’ बॅकएंडला ते सापडले का ते दाखवते आणि ‘एलपीस्टॅट’ रांगेची अवस्था कळवते. फिल्टर किंवा बॅकएंड एकदा फसला की संपूर्ण रांग थांबवणे हे कप्सचे मूळ धोरण असल्यामुळे दोष दूर झाल्यावरही कागद येत नाही. ‘कप्सएनेबल’ने रांग पुन्हा सुरू करावी लागते. ‘फिल्टर फेल्ड’ हा संदेश स्वतःहून काहीच उलगडत नाही, आणि ड्रायव्हर पुन्हापुन्हा काढून बसवण्यात जाणारा वेळ खरे तर कप्सची त्रुटी-नोंद सविस्तर करून वाचण्यात घालवायला हवा. कोणती फाइल सापडली नाही, हे तेथे बहुधा स्पष्ट लिहिलेले असते.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर या तुलनेत सरळ, पण मराठीसाठी त्यांत एक मेख आहे. त्यांच्या अंगभूत अक्षरसंचात सहसा देवनागरी नसते; त्यामुळे युनिकोड मजकूर रूपांतर न करता थेट पाठवला, तर कागदावर निरर्थक चिन्हांच्या ओळी उमटतात. एप्सनचा सर्वसाधारण ड्रायव्हर निवडून पान चित्ररूपाने पाठवले की जोडाक्षरे नीट येतात, मात्र वेग बराच मंदावतो. इंग्रजी पावत्यांसाठी थेट मजकुराची आणि मराठीसाठी चित्राची, अशा एकाच यंत्राच्या दोन रांगा ठेवणे हा त्यावरचा व्यवहार्य तोडगा आहे.

पारंपरिक ड्रायव्हर हद्दपार करण्याचे कप्सचे धोरण ठरलेले आहे: तिसऱ्या पिढीत ‘आयपीपी’ हा खुला शिष्टाचार पाळणारे प्रिंटरच थेट चालतील आणि जुन्यांसाठी ‘प्रिंटर अॅप्लिकेशन’, म्हणजे जुन्या यंत्राला नव्याचे रूप देणारी मध्यस्थ प्रणाली, वापरावी लागेल. अशी मध्यस्थी रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर सोपवता येते, आणि तेथे दोन यंत्रांमधला फरक पुन्हा उघड होतो. १०२० चा मुक्त ड्रायव्हर त्या वेगळ्या प्रोसेसरसाठी संकलित करून घेता येतो. २९०० चा अधिकृत ड्रायव्हर इंटेल घराण्याच्या प्रोसेसरसाठीच घडवलेला असल्याने तेथे चालत नाही, आणि कॅप्टचा उलगडा करून स्वयंसेवकांनी लिहिलेल्या पर्यायावर विसंबावे लागते.