गाड्यांचे स्वभाव

साहित्यकृती आधी अनुभवावी आणि मग तिच्याविषयी बोलावे, असे आपल्याला वर्गात पहिल्या वर्षापासून सांगितले जाते. मोटारींच्या बाबतीत मात्र आपल्याकडे उलटा प्रकार आहे. ज्यांनी चाकाला हात लावलेला नाही असे लोकही कोणती गाडी किती ॲव्हरेज देते ते तोंडपाठ सांगतात. आणि जे दिवसाचे दहा-बारा तास चाकामागे बसून असतात, त्यांचे मत गाडी घेताना कोणी विचारीत नाही. माझे वडील गेली बावीस वर्षे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील निरनिराळ्या कंपन्यांच्या साहेबांच्या गाड्या चालवीत आहेत. मामांचे तुर्भ्याला लहानसे गॅरेज आहे. दुरुस्त झालेली गाडी ट्रायलला काढायची असली की मामा शेजारी बसतात आणि चाक माझ्या हाती देतात. या दोघांच्या कृपेने पदवीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत दहा-बारा तऱ्हेच्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्या. तेव्हा कला शाखेच्या मुलीने गाड्यांवर का लिहावे, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी पुढचा मजकूर जरूर वाचावा.

सुरुवात वयाच्या मानाने करायची तर मान पद्मिनीचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यातल्या पन्नाशीच्या दशकातील एका गुबगुबीत मॉडेलला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव ठेवले होते. पुढे सत्तरच्या दशकात याच घराण्यातली गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने मुंबईभर पसरली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. खासगी मालकांनी हौसेने राखलेल्या काही अजून आहेत. तशीच एक मामांकडे येते.

पद्मिनीचा गीअर जमिनीवर नसतो. स्टेअरिंगच्या दांड्याला डाव्या बाजूने तो फुटलेला असतो. आजच्या मुलांना ही गंमत वाटते, पण त्यामागे हिशेब होता. मधली जागा मोकळी राहिल्यामुळे पुढच्या बाजूला सलग बाक बसवता येई आणि कुटुंबातले एक माणूस जास्त मावे. चाकाला पॉवर स्टेअरिंगची मदत नाही, त्यामुळे उभ्या गाडीत ते फिरवायला गेलात तर खांदे भरून येतात. गाडी किंचित हलती ठेवून चाक फिरवायचे, ही युक्ती मामांनी पहिल्याच दिवशी शिकवली. उन्हाळ्यात तिची आणखी एक तक्रार असते. पेट्रोलचा पंप इंजिनाला लागून असल्यामुळे तो तापतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. मग बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवायचे आणि दहा मिनिटे झाडाखाली उभे राहायचे. जुने टॅक्सीवाले डिकीत पाण्याची बाटली ठेवीत, ती नेहमीच पिण्यासाठी नसे.

पद्मिनीचा एक गुण मात्र नव्या गाड्यांत मला सापडला नाही. ती साठच्या वर गेली की दारे, काचा, चाक, सगळेच बोलू लागते. वाशीहून बेलापूरला जाणारा खाडीकाठचा पाम बीच रस्ता तुम्हा सर्वांच्या ओळखीचा आहे. त्यावर आजकालची बंद काचांची गाडी शंभरने जात असते आणि आत बसलेल्याला वाटते की आपण रमतगमत चाललो आहोत. वेग काट्यावर दिसतो, पण अंगाला कळत नाही. रात्रीच्या वेळी त्या रस्त्यावर जे अपघात होतात, त्यांत मोकळ्या रस्त्याइतकाच या शांततेचाही हात असावा असे माझे मत आहे. अटल सेतूवर तर (तो १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला) समोर जवळजवळ २२ किलोमीटर वळणांना अडथळा नाही आणि आजूबाजूला घर ना झाड. वेग मोजायला डोळ्यांना काहीच सापडत नाही. तेथे मी दर मिनिटाला काटा पाहते.

बहुतेकांनी हात बसवला तो मारुती ८०० वर. मीही त्याच वर्गातली. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबले. म्हणजे माझ्या आधीची एक अख्खी पिढी या गाडीने चालवायला शिकवली. हिचे इंजिन ७९६ सीसीचे, सिलिंडर तीन. गाडी इतकी हलकी, की बंद पडली तर दोघांनी ढकलावी. पद्मिनी आणि ही यांच्यातला खरा फरक मात्र चाकांत आहे. पद्मिनीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते; मागची चाके ढकलतात आणि पुढची वळवतात. मारुतीत दोन्ही कामे पुढच्याच चाकांवर आहेत. बैल गाडीच्या पुढे असल्यासारखी ती ओढत नेते, त्यामुळे सरळ रस्त्यावर भरवशाची वाटते. परंतु पावसात वळण घेताना कोणी ॲक्सिलरेटर दाबला, तर एकाच चाकाला वळायलाही सांगितले जाते आणि धावायलाही. रबराची पकड तेवढी पुरत नाही आणि गाडी वळणाच्या बाहेर निघू लागते. उपाय सोपा आहे, वेग वळणाच्या आधी कमी करायचा. आजच्या बहुतेक छोट्या गाड्या याच जातीच्या असल्याने हा धडा अजून लागू आहे.

सुमोविषयी थोडक्यात सांगते. १९९४ साली आलेल्या या गाडीचे नाव जपानी पैलवानांवरून पडले असे पुष्कळांना वाटते. वास्तविक ते टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावाआडनावांच्या पहिल्या अक्षरांवरून आहे. चालवताना आपण दुसऱ्या मजल्यावरून रस्ता पाहतो आहोत असे वाटते आणि वळणावर तो मजला हलतोही. उंच गाडीचा भार वरच्या अंगाला असतो, म्हणून तिला हळू वळवावे लागते. नॅनो याच्या उलट. १० जानेवारी २००८ रोजी ती दिल्लीत लोकांसमोर आली तेव्हा लाख रुपयांच्या गाडीची चर्चा घरोघर झाली. इंजिन मागे, ६२४ सीसीचे, सिलिंडर दोनच. वाशीच्या सेक्टर १७ मध्ये पार्किंग शोधण्यासाठी याहून चांगली गाडी झाली नाही, असे मी छातीठोकपणे सांगेन. तिची लोकांनी जेवढी टिंगल केली तेवढी तिची योग्यता नव्हती. फक्त पाम बीचवर खाडीचा वारा सुटला की हात चाकावर घट्ट ठेवावे लागत.

आता घाटाकडे वळते, कारण यावर मला जास्त बोलायचे आहे. पुण्याहून येताना खंडाळ्याच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की पेट्रोल वाचते, अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. आमच्या नात्यातले एक काका तर हे अभिमानाने सांगतात. काय होते पाहा. गाडी गीअरमध्ये असते तेव्हा चाके इंजिनाला फिरवीत असतात आणि इंजिन त्यांना मागे ओढते. याला ड्रायव्हर लोक ‘इंजिन ब्रेक’ म्हणतात. न्यूट्रल केले की ही ओढ संपते आणि गाडीचे सगळे वजन ब्रेकवर येते. ब्रेक सतत दाबले की तापतात, तापले की त्यांची पकड सुटते, आणि मग कितीही जोर लावला तरी पेडल नुसते खाली जाते. भरलेल्या ट्रकचे असे झाले तर पुढच्या दहा गाड्यांचे काय होत असेल याची कल्पना करा. बचतीचे म्हणाल तर आजच्या इंजेक्शनच्या गाडीत, गीअर पडलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला जाणारे इंधन जवळजवळ बंदच होते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे तरी इंधन जळत राहते. बाबांचा नियम सोपा आहे: ज्या गीअरने चढ चढाल त्याच गीअरने उतार उतरा. काकांना हे तीनदा सांगून झाले, ते म्हणतात, “अगं, तुझ्या जन्माआधीपासून मी घाट उतरतोय.”

बाबांचा विषय निघालाच आहे. त्यांचा डावा गुडघा गेली चार वर्षे दुखतो. सायन-पनवेल रस्त्यावर संध्याकाळी वाशी ते चेंबूर एवढ्या अंतरात क्लच किती वेळा दाबावा लागतो ते मी एकदा शेजारी बसून मोजू लागले आणि दोनशेच्या पुढे कंटाळून सोडून दिले. साहेब मागे फोनवर बोलत असतात; गाडी कशी आहे असे कोणी विचारले तर ‘एकदम स्मूद’ म्हणतात. ती स्मूद असते ती या गुडघ्यामुळे. म्हणून ऑटोमॅटिक गाडी म्हणजे आळशांची किंवा बायकांची गाडी, असे कोणी म्हटले की मला राग येतो. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओत आपल्याकडे स्वस्त ऑटोमॅटिक आले. त्यात गीअरबॉक्स नेहमीचाच असतो, फक्त क्लच दाबण्याचे आणि गीअर टाकण्याचे काम यंत्र करते. गीअर बदलताना ती क्षणभर थबकते आणि आतल्यांच्या माना डोलतात. तेवढ्या क्षणी पाय जरा हलका केला की मान डोलणे पुष्कळ कमी होते. चालवण्याची मजा कमी होते हे मला मान्य आहे. परंतु मजा रविवारी करणाऱ्याची आणि रोज करणाऱ्याची वेगळी असते.

विजेची गाडी मी दोनदाच चालवली. तिच्यात गीअर नाहीत, क्लच नाही, आणि पाय ठेवल्याबरोबर पूर्ण जोर मिळतो; पेट्रोलच्या इंजिनाला त्यासाठी आधी फेरे वाढवावे लागतात. पाय काढला की मोटरच उलटे काम करून वीज परत बॅटरीत भरते आणि गाडी आपोआप धीमी होते, म्हणजे आमचा इंजिन ब्रेकच, शिवाय त्याचे पैसे परत. मात्र गल्लीत ती येताना ऐकू येत नाही. एपीएमसी मार्केटजवळ पाठीवर पोते घेतलेला हमाल मागे वळून पाहत नाही, तो कानाने गाडी ओळखतो. तेथे मला हॉर्न वाजवायची लाज वाटते आणि न वाजवायची भीती.

यंदा बाबा पहिल्यांदा स्वतःची गाडी घेणार आहेत. बावीस वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या पुसल्यावर जुनी का होईना, पण आपली. माझे मत विजेच्या गाडीला होते. गुडघ्याला आराम, आणि खर्च कमी. पण आमची सिडकोची इमारत जुनी, पार्किंगची जागा कोणाच्याही नावावर नाही, गाडी जेथे मिळेल तेथे लावायची. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडणार कशी? तेव्हा एक सेकंडहँड ऑटोमॅटिक पाहून ठेवली आहे. मामा टायर, क्लच आणि खालचा पत्रा तपासून देणार आहेत. बाबांनी एकच अट घातली आहे की पहिल्या दिवशी चाक माझ्या हाती असेल आणि ते मागच्या सीटवर बसतील, पट्टा लावून.