पावसाळ्याआधीचे सरपण

तेरेखोल नदीकाठच्या बांद्यात सरपणाची बेगमी पावसाळ्यासाठी होते. जूनपूर्वी लाकूड वाळून आडोशाला जावे लागते. ताज्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मे पाणी असू शकते. असे लाकूड जाळल्यास बरीच उष्णता या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि धूर वाढतो. ओलावा २० टक्क्यांखाली आला की लाकूड नीट जळते. पाणी तंतूंच्या दिशेने, कापलेल्या टोकांतून लवकर निघते. साल त्याला अडवते. म्हणून ओंडके आखूड कापून, फोडून उन्हात टाकतात. रास दगडांवर, फटी राखून रचतात. वर छप्पर, बाजू मोकळ्या. प्लास्टिकने गच्च गुंडाळल्यास दमट हवा कोंडून बुरशी येते. पावसाळी हवेत वाळलेले लाकूडही ओलावा शोषते, त्यामुळे रोजचे सरपण आदल्या दिवशी चुलीजवळ, पण ठिणगीपासून दूर ठेवतात.