विश्लेषण : ‘मेश्राम’ आडनाव नेमके कोणाचे?

भंडारा जिल्ह्यातील बहुतेक गावांच्या मतदार यादीत मेश्राम हे आडनाव सापडते. मात्र ते एकाच समाजाचे नाही. गोंड आदिवासींमध्ये मेश्राम आहेत, तसे बौद्ध समाजातही आहेत. मराठी साहित्यातही हेच दिसते. उलगुलानकार भुजंग मेश्राम आदिवासी कवी, तर केशव मेश्राम दलित साहित्यातले. आडनाव एक, वाटा दोन.

गोंडांमध्ये या नावाचा अर्थ काय?

तेथे मेश्राम हे मूळचे कुळाचे नाव. गोंडांची कुळे चार, पाच, सहा आणि सात देवांच्या गटांत विभागलेली असतात. मेश्राम कुळ सात देवांच्या गटात मोडते. देवसंख्या सारखी असली की ती मंडळी भाऊबंद ठरतात. त्यामुळे त्यांच्यात सोयरीक होत नाही, मग आडनावे वेगळी का असेनात. सोयरीक जुळवताना म्हणूनच आडनावाबरोबर ‘किती देवे?’ हेही विचारले जाते. तेलंगणातील आदिलाबाद भागात केस्लापूरची नागोबा जत्रा भरते. तिचा मान याच कुळाकडे आहे. पौष अमावास्येच्या पूजेसाठी कुळातील लोक गोदावरीचे पाणी पायी आणतात. कुळात आलेल्या नव्या सुनांची देवाशी भेटही तेथेच घडवली जाते.

बौद्ध मेश्रामांचे काय?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर अनेकांनी धर्म बदलला, आडनाव मात्र तेच राहिले.

मग जात पडताळणीत आडनावाला किती वजन?

खरा पेच येथे आहे. प्रवेश किंवा नोकरी पडताळणीवर अडलेली असते आणि केवळ आडनावावरून काहीच सिद्ध होत नाही. दक्षता पथक कुळ, देव, चालीरीती, बोली विचारते. पण शहरात वाढलेल्या मुलाला आपले देव किती हे सांगता येईलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ च्या निकालात, ही आप्तभाव चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असे स्पष्ट केले. १९५० पूर्वीच्या कागदपत्रांना अधिक वजन मिळते. विदर्भात त्यासाठी शाळेचा दाखल-खारीज रजिस्टर आणि कोतवाल बुकाची नक्कल शोधली जाते. गंमत अशी की, त्या जुन्या नोंदींत अनेकदा नाव, बापाचे नाव आणि जात एवढेच असते. आडनावाचा पत्ताच नसतो.