मका, पशुखाद्यासाठी पौष्टिक वाणांची पैदास

मक्याच्या दाण्यातील प्रथिनाचे पोषणमूल्य वाढविण्यासाठी केलेले संकरण व निवड. कोंबड्या व डुकरे यांच्या खाद्यातील मका हे मुख्य धान्य होय. त्यापासून ऊर्जा भरपूर मिळते. परंतु त्यातील सु. ९-१०% प्रथिनात लायसीन व ट्रिप्टोफेन ही आवश्यक ॲमिनो अम्ले फार कमी असतात. पुष्कातील (गर्भाला अन्न पुरविणाऱ्या भागातील) निम्म्याहून अधिक प्रथिन झेईन प्रकारचे असून त्यात ही दोन्ही जवळजवळ नसतात. केवळ झेईनावर उंदीर वाढत नाहीत, हे ऑझ्बर्न व मेंडेल यांनी १९१४ मध्ये दाखविले. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या जठरातील सूक्ष्मजीव ही अम्ले तयार करतात. त्यामुळे हा प्रश्न मुख्यतः साधे जठर असलेल्या प्राण्यांचा आहे.

इलिनॉय येथे १८९६ पासून अधिक प्रथिनासाठी निवड करण्यात आली. प्रथिन पुष्कळ वाढले, पण ती वाढ प्रामुख्याने झेईनाची होती. खरी दिशा १९६४ मध्ये सापडली. ओपेक-२ या अप्रभावी जीनामुळे झेईन घटते व प्रथिनातील लायसीन जवळजवळ दुप्पट होते, असे पर्ड्यू विद्यापीठातील मर्ट्‌झ, बेट्स व नेल्सन यांना आढळले. नुसत्या साध्या मक्यापेक्षा या मक्यावर डुकरांची वाढ पुष्कळच चांगली होते.

तथापि हे दाणे मऊ, खडूसारखे व वजनाला हलके असत. ते सावकाश वाळत आणि त्यांना सोंडकिडे व कणसाची कूज यांचा उपद्रव अधिक होई. भारतात १९७१ च्या सुमारास प्रसारित झालेले शक्ती, रतन व प्रोटिना हे वाण याच कारणांनी मागे पडले. मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्रात सुरिंदर वसल व एव्हान्जेलिना व्हिलेगास यांनी दाणा कठीण करणारे इतर जीन निवडीने एकत्र आणले व प्रत्येक पिढीत ॲमिनो अम्ले तपासली. त्यांना २००० साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भारतातील एचक्यूपीएम-१ हे संकरित वाण याच प्रकारचे आहे.

हा गुण दोन्ही जनकांत असावा लागतो. शेजारच्या साध्या मक्याचे पराग पडल्यास त्या दाण्यात तो प्रकट होत नाही. शिवाय सुधारित कठीण दाणा दिसण्यात साध्यासारखाच असल्याने प्रयोगशाळेतील तपासणीवाचून बाजारात तो ओळखता येत नाही व शेतकऱ्याला जादा भाव क्वचितच मिळतो. खाद्य-उत्पादकाच्या दृष्टीने या मक्याची किंमत सोयाबीन पेंड व कृत्रिम लायसीन यांच्या दरांवर ठरते. कोंबडीखाद्यात मेथिओनीन तरीही वेगळे घालावेच लागते.